आई, इथे लोक रस्त्यावर खुर्च्या ठेवतात

शिकागो,
रविवार, १ फेब्रुवारी २०२६,
माघी पौर्णिमा

ती. अप्पा, ती. आई आणि ती. आजी यांना साष्टांग नमस्कार. मनूला गोड पापा.

मी इथे खुशाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पाकीट हातात पडलं की आईच्या पोटात गोळा येणार. काही झालेलं नाही. ऑफिसातल्या एका ताईंची आई गुरुवारी पुण्याला परत निघाल्यात. त्यांच्या बॅगेत हे पत्र आणि आजीच्या गुडघ्यांचे पट्टे देतेय. पुण्याहून त्या कुरिअर करतील. पट्टे दोन आहेत, मोठा डाव्या गुडघ्याचा. रात्री झोपताना काढायचे.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं वाटेल. पण फोनवर आई विचारते "जेवलीस का", मी म्हणते "जेवले", अप्पा लांबूनच "बरी आहे ना" म्हणतात, तेवढ्यात रेंज जाते. काही गोष्टी तशा बोलता येत नाहीत. शिवाय आजीला पत्र वाचून दाखवलेलं आवडतं. मनू, तू मोठ्याने वाच, घाई करू नकोस. शेवटचं पान मी वेगळं घडी घालून ठेवलंय. ते आधी आईने आणि अप्पांनी वाचावं, मग तुम्हाला योग्य वाटेल तसं आजीला सांगावं.

आजी, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. मागच्या रविवारी व्हिडिओवर तुला आमच्या घरासमोर रस्त्यात दोन खुर्च्या आणि एक बादली दिसली. पोरींचं सामान घरमालकाने बाहेर काढलं का, असं तू मनूला विचारलंस म्हणे. नाही गं. भाडं आम्ही एक तारखेच्या आत भरतो, आजवर एकदाही चुकलेलं नाही. त्या खुर्च्या आम्हीच ठेवल्या होत्या, आणि त्यामागे इथली एक रीत आहे. मलाही पहिल्या वर्षी ती कळली नव्हती, म्हणून नीट सांगते.

इथे जुन्या वस्त्यांत घराला अंगण नसतं, गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. जागा कुणाच्या मालकीची नाही, जो आधी येईल त्याची. एरवी त्यावरून काही होत नाही. पण मोठा बर्फ पडला की रस्ता साफ करणारी गाडी मधला बर्फ ढकलत जाते आणि तो सगळा कडेच्या गाड्यांवर येऊन बसतो. गाडी अर्धी पुरली जाते. बर्फ म्हणजे कापसासारखा हलका असं आपल्याला वाटतं, पण गाडीने ढकललेला बर्फ ओल्या वाळूसारखा जड लागतो. फावड्याने दोन-दोन तास उपसावा लागतो. एवढं उपसून माणूस कामाला गेला आणि संध्याकाळी परत आला, तर त्या मोकळ्या जागेत दुसराच कुणी गाडी लावून बसलेला. म्हणून लोक निघताना त्या जागेत घरातली एखादी वस्तू ठेवून जातात. मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, बादली, हाताला लागेल ते. याला इथे डिब्स म्हणतात. ज्याने उपसलं त्याची जागा. कायद्यात हे बसत नाही, रस्ता सगळ्यांचा आहे, आणि काही दिवसांनी नगरपालिकेची माणसं त्या वस्तू उचलून नेतात. पण तोवर त्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. एवढं मोठं शहर, कुणी कुणाला ओळखत नाही, तरी त्या मोडक्या खुर्चीचा मान राखतात.

१९६७ च्या जानेवारीत इथे एकाच वादळात २३ इंच बर्फ पडला होता. बसगाड्या जिथल्या तिथे अडकल्या. शेजारच्या पोलिश आजी तेव्हा लहान होत्या, त्या अजून त्या दिवसांबद्दल बोलतात. ही रीत तेव्हाची, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे गाडी नाही, पण आमच्या घरातल्या तेलुगू मुलीकडे आहे. तिला एकटीला उपसवेना, म्हणून मीही फावडं घेतलं. खुर्च्या त्या आजींनीच आणून दिल्या.

आपली माणगावच्या स्टँडवरची एसटी आठवते ना? खिडकीतून रुमाल टाकायचा, आणि रुमाल दिसला की दुसरं कुणी तिथे बसायचं नाही. तसंच हे. रुमालाऐवजी खुर्ची, एवढाच फरक.

आता आईचं. टीव्हीवर शिकागोचं नाव निघालं की अप्पा चॅनेल बदलतात असं मनूने सांगितलं. आई, तुम्ही बातम्यांत बघता तसं सगळ्या शहरात नसतं. आम्ही तिघी एकत्र राहतो, रात्री उशिरा कुणी एकटी बाहेर पडत नाही, आणि कुठे गेलं की एकमेकींना कळवतो. थंडीचंही तू फार मनाला लावून घेतेस. घरात भरपूर ऊब असते, आम्ही घरात सुती कपड्यांवर वावरतो. हात फुटलेले दिसले ते पाण्यामुळे. खोबरेल लावते, तू पाठवलेलंच. जेवणाचं तर बोलूच नकोस. काल रात्री कुळथाचं पिठलं आणि भात केला होता. मेतकूट संपत आलंय, पण लगेच पाठवायची खटपट करू नका.

आणि मी सारखी घरात कोंडून असते असंही नाही. काल शनिवारी आम्ही दोघी बागेत जाऊन आलो. अप्पांना सांगण्यासारखं तिथे इतकं होतं की कालच लिहायला बसणार होते.

बाहेर उणे बारा होतं. अशा थंडीत बाग कसली बघायची, असं तुम्ही म्हणाल. झाडांवर पान नाही, तळं गोठलेलं, सगळीकडे पांढरं. पण इथे गारफिल्ड पार्क म्हणून एक सार्वजनिक बाग आहे आणि तिच्यात काचेचं घर आहे. अप्पा, तुम्ही दापोलीच्या विद्यापीठात पॉलीहाउस पाहिलंत ना, तसंच, पण लोखंडाच्या कमानी आणि काच, आणि सगळं मिळून जवळजवळ दोन एकर. १९०८ साली ते लोकांसाठी उघडलं. आखलं ते डेन्मार्कहून इथे आलेल्या जेन्स जेन्सन नावाच्या माणसाने. त्याला इथल्या गवताळ सपाटीचं वेड होतं, म्हणून छपराला त्याने वाड्यासारखे मनोरे दिले नाहीत, गवताच्या गंजीचा आकार दिला. दुरून बघताना मला भात झोडायच्या आधी रचलेल्या उडव्या आठवल्या. तशीच गोल पाठ, फक्त वर बर्फ. शिकागोत राहणाऱ्यांना आत जायला पैसे लागत नाहीत. दाराशी दानपेटी आहे, तिच्यात ज्याची त्याची इच्छा. हिरव्या लाइनीची गाडी समोरच थांबते, चालावं लागत नाही, आणि आम्ही दिवसाउजेडी परतलो. हे आईसाठी लिहिलं.

दार उघडून आत पाऊल टाकलं आणि चष्मा पांढरा झाला. काही दिसेना. दाराशी पाच-सहा माणसं तशीच चष्मे पुसत उभी होती. पण दिसायच्या आधी वास आला. आई, तोच वास. संध्याकाळी वाडीत शिंपणं झालं की ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा आणि केळीच्या सोपटांचा मिळून जो वास येतो ना, तो. साडेतीन वर्षांत मला तो कुठे आला नव्हता. मी चष्मा हातात धरून तशीच उभी राहिले. मैत्रिणीने दोनदा हाक मारली म्हणे.

पहिलं दालन सगळं ताडामाडांचं. वर पाहिलं तर झावळ्या पार काचेपर्यंत गेलेल्या आणि काचेच्या पलीकडे बर्फ. मी पोफळ शोधत होते. एक सडसडीत खोड दिसलं, हिरवट, वळ्यावळ्यांचं, आणि मी पळतच गेले. खोडाशी पाटी होती, वाचली. पोफळीच्याच कुळातलं, पण दुसरंच कुठलं तरी. तरी मी हातमोजा काढला आणि वळ्यांवरून बोटं फिरवली. एक झावळी विरीसकट गळली की खोडावर एक वळं राहतं, हे अप्पांनीच मला शिकवलंय. मी खालून मोजत गेले. माझ्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत एकोणीस झाली. पुढे हात पोचेना.

आणि एक गोष्ट मला तिथे उभं राहिल्यावर बऱ्याच वेळाने उमगली. आवाज नव्हता. इतक्या झावळ्या डोक्यावर आणि एक सळसळ नाही. आपल्याकडे वारा पडला असला तरी माडाचं काही ना काही चालूच असतं. रात्री झोपेतसुद्धा ऐकू येतं. इथे झाडं जिवंत, हिरवीगार, पण गप्प. आत वाराच नाही.

पुढच्या एका दालनात खाण्यापिण्याची झाडं लावलीत. ऊस, कोको, केळी. कोकोची फळं थेट खोडाला लागतात, आपल्या फणसासारखी. चॉकलेट झाडाला कसं लागतं असं मनू लहानपणी विचारायची, तिला फोटो पाठवलाय. पण मी जास्त वेळ केळीपाशी होते. आजी, तिथल्या केळीचं एकही पान फाटलेलं नव्हतं. एकसुद्धा नाही. आपल्या वाडीत श्रावणात नैवेद्याला अखंड पान हवं म्हणून तू मला सकाळी सकाळी पाठवायचीस, आणि मी सगळी रांग पालथी घालून एखादं कोवळं, अजून सुरळी न सुटलेलं पान घेऊन यायचे. बाकी सगळी वाऱ्याने चिरून झिरमिळ्या झालेली. इथे माझ्या उंचीची पानं, देठापासून टोकापर्यंत सलग. उजेडात धरल्यासारख्या शिरा दिसत होत्या. या पानांवर कुणी जेवत नाही, पिकून पिवळी झाली की कापून टाकतात. मला फार वाईट वाटलं. मोदक वाफवायला किती चांगली झाली असती.

तिथे एक बाई होजने जमिनीवर पाणी मारत होत्या. झाडांवर नाही, फरशीवर. हवेत ओल राहावी म्हणून दिवसातून असं करावं लागतं म्हणाल्या. मी केळीकडे इतका वेळ बघतेय म्हणून त्यांनी विचारलं, तुमच्याकडे ही झाडं असतात का. मी म्हटलं, आमचं घरच त्यांच्यात आहे. पुढे पश्चिमेचं ऊन लागू नये म्हणून अप्पा पोफळीच्या रोपांना कसे झाप बांधतात ते सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे झाडांना उन्हापासून राखतात आणि आमचा जन्म त्यांना ऊन पुरवण्यात जातो. चांगल्या होत्या. हातांवर मातीच्या भेगा होत्या, आईच्या हातांसारख्या.

काटेरी झाडांचंही एक दालन आहे, तिथून आम्ही लवकर निघालो. सगळ्यात सुंदर म्हणजे नेच्यांचं दालन. पायऱ्या उतरून खाली जायचं, मध्ये पाणी, आणि चहूबाजूंनी थर लावलेल्या दगडांमधून नेचे. आपल्या विहिरीत वाकून बघितलं की चिऱ्यांच्या सांध्यांतून पावसाळ्यात जे हिरवं फुटतं, तेच झाडाएवढं झालं असं समजा. माणसाच्या फार फार आधी, इथे दलदल होती तेव्हा हा मुलूख कसा दिसत असेल, ते दाखवायचं जेन्सनच्या मनात होतं. त्या दगडांतून एक लहान धार पडते. ती धार बांधणाऱ्या गवंड्याला जेन्सनने काम पुन्हा पुन्हा उकलायला लावलं असं सांगतात. पाणी धबाधबा पडायला नको, एखाद्या गाण्यासारखं हळू उतरायला हवं, हा त्याचा हट्ट. अप्पा, तुम्ही पाटाचा उतार तीनदा मोडून बांधलात तेव्हा आई किती चिडली होती. मी त्या धारेपाशी अर्धा तास बसले. बाजूला एक म्हातारे गृहस्थ पुस्तक वाचत होते, एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन. हिवाळ्यात इथे पुष्कळ लोक काही बघायला येत नाहीत, नुसते बसायला येतात.

मग कळलं की याच दालनाची काच एकदा संपूर्ण फुटली होती. ३० जून २०११ च्या रात्री गारपीट झाली. मोठ्या गारा, आणि छपराच्या हजारो काचा खाली आल्या. नेच्यांच्या पानापानात, पाण्यात, मातीत, सगळीकडे चुरा. झाडं पावसाने किंवा थंडीने गेली नाहीत, काचेने कापली गेली. ती काच हाताने वेचावी लागली, आणि छप्पर पुन्हा पुरतं उभं राहायला काही वर्षं गेली.

अप्पा, ते कळलं आणि मला ३ जून आठवला. मी मुद्दाम आठवत नाही, पण आठवला.

२०२० चा जून, निसर्ग चक्रीवादळ. टाळेबंदीमुळे मी पुण्याहून घरी आले होते म्हणून निदान तुमच्याजवळ होते. दुपारी वारा फिरला, आणि आम्ही आजीला माजघरात दोन पेट्यांच्या मध्ये बसवलं. कौलं उडत होती ते ऐकू येत होतं, पण त्याहून मोठा आवाज वाडीतला होता. पोफळ मोडते तेव्हा फटाका वाजावा तशी वाजते. एक, मग दोन, मग इतक्या की मोजता येईना. मनूने माझे कान धरले होते, आपले सोडून माझे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर तुम्ही एकटे वाडीत गेलात. मी मागच्या दारातून बघत होते. तुम्ही पडलेल्या प्रत्येक पोफळीला हात लावत शेवटपर्यंत गेलात आणि परत आलात. आईने विचारलं किती, तर तुम्ही म्हणालात, "उभ्या बावीस." तीनशे दहांपैकी. पुढे पंधरा दिवस आम्ही शेजाऱ्यांचे पत्रे, आमची कौलं, तारा, सगळं हाताने वेचत होतो. त्या काचेच्या घरातली माणसं कशी वेचत असतील ते मला कुणी सांगायला नको.

आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तुम्ही रोपं आणलीत. सुपारी संशोधन केंद्र आपल्या श्रीवर्धनातच आहे याचा तेव्हा केवढा आधार वाटला होता. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, गावातले कितीतरी जण म्हणत होते की आता कलमं लावा नाहीतर जागा पर्यटकांच्या खोल्यांना द्या. तुम्ही काही बोलला नाहीत, खड्डे घेतलेत. त्यांना आता पाचवं वर्ष पुरं होत आलं. फुलांची पहिली पोय दिसेल तेव्हा मला फोटो पाठवा. मनूला सांगू नका, तुम्ही स्वतः काढा. तिरका आला तरी चालेल.

बागेतून निघायला चार वाजले. बाहेरच्या दाराशी मी कोट घातला, टोपी घातली, आणि हातमोजा घालताना बोटांना अजून मातीचा वास येत होता. रात्री जेवेपर्यंत मी हात धुतला नाही. आजी, रागावू नकोस.

मनू, इथवर वाचून थांब. पुढचं पान आई-अप्पांकडे दे.

आई, अप्पा,

आता जे लिहायचं म्हणून पत्र लिहायला घेतलं ते लिहिते.

मनूच्या सासरच्या मंडळींना वैशाखात लग्न हवंय. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, पुढे महिनाभर काही करता येणार नाही, मग पाऊस. मनूने मला सांगितलं की तुम्ही त्यांना अजून हो म्हणालेला नाहीत. मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं कसं करायचं, असं आईच्या मनात आहे. आई, लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, आणि ते तुलाच ऐकून घ्यावं लागेल, मला नाही, हेही माहीत आहे. त्याचं मला फार वाटतं. पण माझ्यासाठी मनूला थांबवू नका. चांगला मुलगा आहे, पनवेलला नोकरी आहे, तुम्हा दोघांना तीन-चार तासांत येऊन भेटेल. तुमच्याजवळ कुणीतरी असणार याचा मला किती दिलासा आहे ते मी फोनवर कधी बोलले नाही.

माझं म्हणाल तर लग्न करायचंच नाही असं मी म्हणत नाही. डोंबिवलीच्या स्थळाला मात्र नाही कळवा. मुलगा वाईट नाही, आम्ही दोनदा बोललो. त्याला दोन वर्षांत कायमचं भारतात परतायचंय आणि मला कर्ज फिटेपर्यंत ते जमणार नाही. त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही. मी स्वतः त्याच्याशी सरळ बोलले आहे, तुम्ही फक्त मोठ्यांना मोठ्यांसारखं कळवा.

पैशांचं. चौतीस लाखांपैकी चौदा फिटले. जानेवारीचा हप्ता गेला, फेब्रुवारीचाही वेळेत जाईल. सातबाऱ्यावरचा बोजा उतरल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही, अप्पा. तुम्ही वाडी तारण ठेवलीत तेव्हा तिच्यात बावीस पोफळी उभ्या होत्या, हे मी एक दिवस विसरलेली नाही. लग्नासाठी मी साडेतीन लाख वेगळे पाठवतेय, पुढच्या आठवड्यात आईच्या खात्यात येतील. ते कर्जात भरू नका, आणि वाडीच्या कामालाही वापरू नका. आजीच्या पाटल्या मोडायचा विषय निघालाय असं कळलं. पाटल्या मोडायच्या नाहीत. मनूला काय घालायचं ते या पैशांत घाला. आजीच्या हातात पाटल्या असू द्या, तिच्या हातात त्या नसल्या तर मला ती ओळखू येणार नाही.

त्या साडेतीन लाखांतले दीड लाख माझ्या तिकिटासाठी आणि येण्याच्या खर्चासाठी बाजूला काढलेले होते.

मला लग्नाला येता येणार नाही, आई.

रजेचा प्रश्न नाही. माझा व्हिसा ऑक्टोबरात बदलला. इथे राहून काम करायला तो पुरतो, पण पासपोर्टावर नवा शिक्का अजून नाही, आणि एकदा देशाबाहेर पडलं की तो शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. तो भारतात मुलाखत देऊन घ्यावा लागतो. डिसेंबरात गेलेल्या कितीतरी जणांच्या ठरलेल्या मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या. ऑफिसातला एक मुलगा तीन आठवड्यांसाठी गेला तो अजून नागपुरात अडकलाय. त्याची नोकरी राहते की जाते ते कुणाला माहीत नाही. माझ्या बाबतीत तसं झालं तर हप्ते थांबतील, आणि हप्ते थांबले तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

हे मला डिसेंबरातच कळलं होतं. तेव्हापासून रोज फोनवर सांगेन म्हणते आणि रोज आई विचारते, "लग्नात कुठली साडी नेसशील," आणि मी सांगते, "तुझी मोरपंखी." मी खोटं बोलत नव्हते. काही तरी मार्ग निघेल असं वाटत होतं. दोन वकिलांना विचारलं, दोघांनी एकच सांगितलं. तुम्ही आशेवर होतात आणि मी गप्प राहिले, यासाठी मला माफ करा.

मनूला मी स्वतः सांगेन. रविवारी तिचा वेगळा फोन लावते. ती आधी रडेल, मग भांडेल, मग पुन्हा रडेल, तुम्ही मध्ये पडू नका. आजीला मात्र अप्पांनी सांगावं. त्यांनी सांगितलेलं ती ऐकून घेते.

मुहूर्त दुपारी बारा-साडेबाराचा निघाला तर माझ्याकडे रात्रीचे दीड-दोन वाजलेले असतील. मी जागी असेन. मोरपंखी साडी कुरिअरने पाठवाल का? इथे नेसेन. मैत्रिणींना सांगून ठेवलंय, त्याही बसणार आहेत माझ्याबरोबर. फोन कुणाच्या तरी हातात द्या ज्याला घाई नाही. वाङ्निश्चयाच्या वेळी फोन धरणाऱ्याने सगळा वेळ पंगतच दाखवली होती. मला मनूचा चेहरा बघायचाय अंतरपाट दूर होताना, आणि अप्पांचा.

एक मागणं आहे. आई, मी तुला ओळखते. मांडवात पहिल्या रांगेत तू माझ्यासाठी खुर्ची ठेवशील, तिच्यावर पदर टाकशील आणि कुणी बसायला आलं की "मोठी येतेय" म्हणशील. तसं करू नकोस. त्या खुर्चीवर आजीला बसव. पाठ असलेली खुर्ची दे, खाली बसवू नकोस, पट्टे बांधलेले असले तरी तिला उठता येणार नाही.

तुमची
मोठी

ता. क. ८ मार्चपासून इथलं घड्याळ एक तास पुढे जातं. म्हणजे माझा सकाळचा फोन तुम्हाला एक तास आधी येईल. उशीर झाला किंवा लवकर आला म्हणून घाबरू नका.

ता. क. २. पुढच्या पुढच्या रविवारी महाशिवरात्र. हरिहरेश्वरला जाल तेव्हा आजीला गाडीने न्या. गाडीचे पैसे मी वेगळे पाठवलेत, ते त्यासाठीच आहेत.